कुलूपवाल्याची बोटं

रक्त आधी गिऱ्हाईक बाईला दिसलं. "अहो, काकांच्या हाताला काय झालंय?" असं ती म्हणाली तेव्हा चावीवालीने किल्ल्या कापायचं मशीन बंद करून मागे बघितलं. स्टुलावर बसलेला तिचा बाप एका नव्या किल्लीचे दाते कानशीने साफ करत होता, आणि किल्लीबरोबर स्वतःचा अंगठाही घासत होता. कातडी सोलून निघालेली. मांडीवरच्या फडक्यावर थेंब. आणि म्हातारा निवांत.

"बाबा!"

"काय गं?"

"हाताकडे बघा."

त्याने बघितलं, आणि मग "आई गं" म्हणाला. फारच उशिरा म्हणाला.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोपटी. दोन माणसं आत, तिसरं आलं की एकाने बाहेर जायचं. भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. तिथे हा माणूस चाळीस वर्षं बसला. बंद कुलपात तार घालायचा, डोळे मिटायचा, आणि आतली एकेक खिळी कुठे अडलीय ते त्याच्या बोटांना कळायचं. मुलगी चौदाव्या वर्षीच त्याच्या शेजारी बसायला लागली. पुढे लग्न झालं, नवऱ्याचं घर तिने तीन वर्षांत सोडलं. का सोडलं असं विचारणाऱ्याकडे ती नुसती बघते, तेवढ्यानेच माणूस गप्प होतो. परत आली ती थेट स्टुलावर. "बाईमाणूस कुलपं उघडणार?" म्हणणारे भेटले. तिने सांगितलं, "कुलूप नाही विचारत बाई आहे का बुवा. तुम्हीच विचारताय."

बापाला जिभेची धार नव्हती, पण लपवायची कला होती. लघवीचं दुखणं त्याने दीड वर्ष लपवलं. थेंब थेंब व्हायची, कपडे ओले व्हायचे, ते गुपचूप धुवून वाळत टाकायचा. मुलीला हे कसं सांगायचं म्हणे! पाठीचं हाड ठणकायला लागलं तेव्हा तिने दवाखान्यात ओढत नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तो हाडांत पोचलेला. लाजेपायी माणूस मरतो आणि वर लोक म्हणतात, फार सोशिक होता हो. सोशिक कसला? मूर्ख होता. चावीवाली हे त्याच्या तोंडावर बोलली, आणि बोलून झाल्यावर मोरीत जाऊन रडली.

हार्मोनच्या इंजेक्शनांनी त्याच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. भर दुकानात घाम फुटायचा, फडक्याने वारा घेत म्हणायचा, "तुझ्या आईला चाळिशीनंतर असंच व्हायचं. मी हसायचो. आता ती वर बसून हसत असेल."

मग केमो. दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा. चावीवालीने कंबर कसली. पहाटे रांगेत नंबर, रक्ताचे रिपोर्ट, सलाईनच्या खोलीतली टेकायला पाठ असलेली खुर्ची. त्या खुर्चीसाठी ती दर वेळी कुणाशी ना कुणाशी भांडली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "चार झाले, दोन राहिले. काढणारच बाहेर ह्यातनं." बाप मान हलवायचा. डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, "काका, हातापायांना मुंग्या? बधिरपणा?" तो म्हणायचा, "छे छे, एकदम ठणठणीत."

आणि आता हा अंगठा.

तिने जखम धुतली, पट्टी बांधली. केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, एवढ्याशा जखमेतून ताप चढला तर माणूस हातचा जातो, हे तिला तिथल्या नर्सने बजावलेलं होतं. दोन दिवस ती दर दोन तासांनी त्याच्या तोंडात थर्मामीटर कोंबत राहिली. ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं,

"कधीपासून कळत नाही हाताला?"

"कळतं की."

"बाबा, मी तुमचीच मुलगी आहे. मला फसवू नका."

तो पट्टीकडे बघून म्हणाला, "दुसऱ्या सलाईनपासून. आधी टोकं गेली. आता अख्खी बोटं. हातमोजे घातल्यासारखं वाटतं."

"आणि ठणठणीत म्हणून सांगताय?"

"सांगितलं की औषध बंद करतील. पुढच्या खुर्चीवरच्या मास्तरांचं केलं ना. दोनच राहिलेत. बाईंना बोलू नकोस."

तिने थर्मामीटर डबीत ठेवला.

पाचव्या सलाईनच्या दिवशी डॉक्टरबाईंनी नळी लावून छाती तपासली, पाठीचे मणके दाबून बघितले, अंगठ्याची पट्टी उचलून पाहिली. "हे कसं?"

"कानस लागली. आमच्या धंद्यात चालतंच."

"मुंग्या? बधिरपणा?"

"छे छे."

शर्ट उघडाच होता. दर वेळी तपासणी झाली की चावीवाली पुढे व्हायची आणि चटाचट बटणं लावून टाकायची, बाहेर रांग खोळंबलेली म्हणून. आज तिचा हात सवयीने पुढे गेला आणि मध्येच थांबला. डोक्यात लख्ख झालं. तीन महिने तीच लावत होती. तिच्या घाईमागे म्हातारा मजेत लपून बसला होता, आणि डॉक्टरांना काही दिसत नव्हतं ते तिच्यामुळे. तिने हात मागे बांधले.

"बाबा, बटणं लावा."

"लाव ना तू. उशीर होतोय."

"होऊ दे. तुम्ही लावा."

"कशाला उगाच..."

"लावा म्हटलं ना!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की नर्सने दारातून डोकावून बघितलं.

त्याने बटण धरलं. ते निसटलं. परत धरलं. चाळीस वर्षं कुलपांच्या पोटातलं जाणणारी बोटं कापडावर आंधळ्यासारखी फिरत राहिली. तिसऱ्या वेळी त्याने बटण सोडून खालची घडीच चिमटीत धरली आणि ती काजात कोंबायला लागला.

"पुरे, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. कागद पुढे ओढून त्यांनी लिहायला घेतलं. हे औषध इथे थांबवायचं. इंजेक्शनं चालू राहतील, दुखण्यावर गोळ्या देऊ. बधिरपणा थोडा उतरेल, सगळा उतरेलच असं नाही.

"आणि आजार?" चावीवालीने विचारलं.

"औषधाने जरा दबला होता. आता किती दिवस दबून राहील ते सांगता येत नाही. दुसरं औषध आहे, पण त्यांच्या अंगात तेवढी ताकद दिसत नाही मला."

बाप उठला आणि तसाच उघड्या शर्टाने निघाला. लांबलचक व्हरांड्यात बाकांवर बसलेली माणसं त्याच्या बरगड्या मोजत होती. ती मागे धावली, शर्टाला हात घातला. त्याने झटकला. पायऱ्या उतरून, फाटक ओलांडून तो बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. तोंड फिरवून. ट्रक धूळ उडवत गेला, धूळ त्याच्या छातीवर बसली.

"चारचौघांत उघडं पाडलंस," तो म्हणाला.

"पाडलं. उद्या गरम चहाने हात भाजला असता, जखमेने ताप आला असता, तुम्हाला पत्ता नसता."

"मला हात गेले तेव्हाच बंद करायचं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मोजत होतीस ना." त्याचा आवाज चिरका झाला. "चार झाले, दोन राहिले. सगळ्या गल्लीला सांगत होतीस. मी तरी कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

बस आली, गेली. दोघंही चढली नाहीत.

"लाव," तो म्हणाला.

ती समोर उभी राहून बटणं लावायला लागली. डोळ्यांपुढे सगळं पाणी. त्याने मान खाली घालून बघितलं.

"वरचं एक काज सोडलंस. पुन्हा पहिल्यापासून लाव," तो म्हणाला. "सावकाश. मी कुठे पळतोय?"