एवाल्दनं तपासलेली पानं

योर्डिस माझ्या वरच्या मजल्यावर राहते. चाळीस वर्षं नगरपालिकेत टंकलेखन केलेली बाई. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात म्हणून तिनं जुन्या पुस्तकांचं काम घरी घेतलं, तेही फुकट. ग्रंथालयातली जीर्ण पुस्तकं कुणीतरी स्कॅन करतं, संगणक ती वाचून मजकूर तयार करतो आणि वाचताना ढीगभर चुका करतो. मग योर्डिससारखी माणसं पडद्यावर डावीकडे मूळ पान आणि उजवीकडे मजकूर ठेवून एकेक अक्षर ताडून बघतात.

त्या हिवाळ्यात तिनं एक पुस्तक मुद्दाम मागून घेतलं. १९११ साली छापलेलं, लाकडाच्या गिरणीतल्या कामगारांसाठी लिहिलेलं. ते घेतलं एवाल्दसाठी, तिच्या नवऱ्यासाठी. आमच्या खाडीवरची गिरणी बंद पडेपर्यंत एकतीस वर्षं तो तिथल्या करवतींना धार लावायचा. आणि आता न्याहारी झाली की नाही, हेही त्याच्या लक्षात राहत नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा योर्डिसनं ते मला जिन्यातच सांगितलं, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन, आणि माझं उत्तर न ऐकताच खाली उतरली.

पहिल्या दिवशी ती मोठ्यानं वाचत होती. मी कॉफीला गेले होते.

"'करवतीची घार दर चार तासांनी तपासावी.'"

"घार?" खिडकीजवळून एवाल्द म्हणाला. "गिरणीत घार कशाला येईल, मासे पळवायला? धार असेल! त्या तुझ्या यंत्राला चष्मा लाव आधी."

योर्डिसनं मूळ पान पाहिलं. धारच होती. ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

तेव्हापासून रोज सकाळी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन दोघं बसायची. ती वाचायची, तो चुका पकडायचा. वार विचारला तर गप्प व्हायचा माणूस, पण कुठल्या पात्याला कुठली कानस, थंडीत गोठलेला ओंडका कसा कापायचा, हे सांगताना कुठे अडायचा नाही. सांगताना त्याची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत राहायची, तिथे पातं असल्यासारखी.

एकशे बाराव्या पानावर भांडण झालं. करवतीचा एक दात डावीकडे, एक उजवीकडे किती वाकवायचा, याचा तक्ता होता तिथे. छापलं होतं साडेसात मिलिमीटर.

"पाऊण!" एवाल्द ओरडला. "साडेसात वाकवलास तर दात मोडून उडेल. बदल तो आकडा."

"पुस्तकातच तसं आहे रे. आम्हाला जसं छापलंय तसंच ठेवावं लागतं."

"म्हणजे कुणाचा डोळा गेला तरी चालेल?"

"शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, एवाल्द. आता कोण वाकवतंय दात?"

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. हे बोलायला नको होतं, असं योर्डिस मला नंतर म्हणाली. मजकुरात तिनं साडेसातच ठेवलं. पण त्या पानाखाली तपासणाऱ्यांसाठी टीप लिहायची जागा असते, तिथे लिहिलं: 'हा आकडा पाऊण हवा. सांगणारा: एवाल्द स्युंडिन, एकतीस वर्षं धार लावणारा.' आणि त्याला वाचून दाखवलं. "आडनाव बरोबर लिहिलंस का?" एवढंच त्यानं विचारलं.

वसंतापर्यंत पानं सरत गेली आणि तोही. आधी चुका उशिरा पकडायला लागला. मग बरोबर शब्दांनाही चूक म्हणू लागला. एका सकाळी त्यानं अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही ऑफिसातून आलात का? माझी बायको आत्ता बाजारात गेली असेल, बसा ना."

योर्डिस बसली. सबंध पान वाचलं तिनं, ऑफिसातल्या बाईसारखं.

दोनदा तो घरातल्या सपाता घालून बर्फात बाहेर पडला, तेव्हा तिला त्याला विसराळू वृद्धांच्या देखभाल केंद्रात ठेवावंच लागलं. रोज बसनं ती लॅपटॉप घेऊन जायची. एकदा तिनं जाणूनबुजून चुकीचं वाचलं. "'करवतीची घार…'" आणि थांबली.

एवाल्द हसला. "छान वाचता तुम्ही. शाळेत शिकवता का?"

त्या दिवशी ती परत येताना माझ्या दाराशी उभी राहिली, घंटा न वाजवता. मी कचरा टाकायला दार उघडलं म्हणून दिसली. आत घेतलं, तिचा कोट काढला. मग ती म्हणाली, "मी परीक्षा घेतली गं त्याची. कशाला घेतली?"

मे महिन्यात न्यूमोनियानं तो गेला. तेव्हा पुस्तकाची फक्त शब्दसूची उरली होती, अकरा पानं, नुसते शब्द आणि पृष्ठांक. अंत्यविधीनंतर ती कामाला बसली आणि दिवसाला एकच पान करायची. मी म्हटलं, "अगं, एका दुपारीत होईल हे."

"होईल की," ती म्हणाली. "माहीत आहे मला."

जूनमध्ये पुस्तक सगळ्यांना वाचायला खुलं झालं. तिनं ते उघडून पाहिलं नाही. काम वाटून देणाऱ्या माणसानं आभार मानले आणि पुढचं पुस्तक सुचवलं, लोणी काढण्याच्या कारखान्यांबद्दलचं. तिनं घेतलं.

आता ती मनातल्या मनात वाचते. परवा मी विचारलं, कसं आहे पुस्तक?

"अक्षरं स्वच्छ आहेत," योर्डिस म्हणाली. "लोण्यातलं मला काही कळत नाही. बरोबर असेल बहुतेक."