हळदीला मागवलेली घोंगडी

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पोपट ओव्हाळांची सगळी नोकरी गेली, पण त्यांना चुरगळलेल्या कपड्यांत कधी कुणी पाहिलं नाही. पाळी संपली की हातपाय धुऊन ते पांढरा शर्ट पँटीत खोचायचे, केसांना पाणी लावायचे आणि मगच फाटकाबाहेर पडायचे. निवृत्त झाल्यावरही हे सुटलं नाही. दूध आणायला निघाले तरी पायात बूट. गल्लीतली पोरं त्यांना ‘साहेब’ म्हणत. त्यात थट्टा होती हे त्यांना कळायचं, पण ते कानाआड करायचे. बायको जया म्हणायची, “यांचं खरं लग्न इस्त्रीशी लागलंय.”

दर रविवारी ते विहारात वंदनेला जात. विहाराच्या समितीत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मुलगी दीक्षा हिंजवडीत नोकरीला. तिनं तिथल्याच सलिलशी लग्न ठरवलं, तेव्हा पोपटरावांना आनंदापेक्षा धाकधूकच जास्त झाली. सलिलचं घराणं मूळचं सदाशिव पेठेतलं, आता कोथरूडला. पण त्याच्या आईवडिलांनी, नीरजाताई आणि यज्ञेश्वररावांनी, जातीचा ज काढला नाही. लग्न आधी बौद्ध पद्धतीनं आणि मग त्यांच्या पद्धतीनं, हेही मान्य केलं. नातेवाईक म्हणाले, “मोठ्या मनाची माणसं मिळाली.” हे इतक्यांदा कानावर आलं की त्या मोठ्या मनाचं पोपटरावांना ओझंच वाटायला लागलं. त्या घरातून काही सांगणं आलं की नाही म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

आणि सांगणं आलं. हळदीचा कार्यक्रम गावरान थीमवर करायचा होता. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे एक लॉन घेतलं होतं. बैलगाडी, बाज, चुलीवरच्या भाकरी, सगळ्यांनी गावाकडचा पोशाख करून यायचं.

नीरजाताईंचा फोन आला. “दीक्षाचे बाबा, आपल्यासाठी धोतर आणि खास घोंगडी मागवलीय. घुंगरांची काठीसुद्धा आहे. आपल्याला शोभून दिसेल.”

मागून यज्ञेश्वररावांचा आवाज आला, “आमच्यावर चढवली तर दुकानातला पुतळा वाटेल. त्यांचं तसं नाही.”

पोपटरावांनी “बरं” म्हणून फोन ठेवला.

“तुम्ही घालणार ते?” जयानं विचारलं.

“एका संध्याकाळचा प्रश्न आहे.”

“काठी आणि घोंगडी. कुणाची असते ती, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

ठाऊक नसायला काय झालं. पोपटरावांचा बाप दशरथ लोणीच्या पुढच्या एका खेड्यात जातीनं वाट्याला आलेलं गावकीचं काम करायचा. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी, अंगात मढ्यावरून उतरवलेल्या कापडाची बंडी. नवं कापड अंगाला लावायची मुभा नव्हती, आणि लावलं तर चौकशी व्हायची. छपन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात दशरथनं काठी नदीत टाकली, घोंगडी जाळली आणि खडकीला येऊन मजुरी धरली. पुढं कारखान्यात चिकटला. तेव्हापासून त्यानं पांढऱ्याशिवाय दुसरा कपडा घातला नाही.

पोपट शाळकरी असताना चुलता वारला, म्हणून बाप त्याला घेऊन गावी गेला होता. वेशीपाशी एका म्हाताऱ्या बागायतदारानं हटकलं, “काय रं दशा, लई पांढरा झालास?” आणि बापाची पाठ आपोआप वाकली. तोंडातून गावकीतले जुने शब्द आले, “जोहार, मायबाप.” म्हातारा हसून पुढं गेला. परतीच्या वाटेवर बाप एवढंच म्हणाला, “तोंडातनं गेलं रं पोरा.”

हे पोपटरावांनी जयाला सांगितलं होतं, मुलीला कधीच नाही. आजोबा गावाकडं कामाला होते, मग कारखान्यात लागले, इतकीच कथा दीक्षाला माहीत होती. तिला इंग्रजी शाळेत घातलं, नवे कपडे घेतले, जयंतीला मिरवणुकीत खांद्यावर बसवलं. मागचा चिखल तिच्या पायाला कशाला लावायचा, असं त्यांना वाटे.

जयानं लेकीला फोनवर एकदा सुचवून पाहिलं, “पप्पांना त्यांचा सफारी घालू दे.” दीक्षा हसली. “आई, पप्पा कायम ड्यूटीवर निघाल्यासारखे असतात. एक दिवस रिलॅक्स होऊ देत ना. आणि सलिलच्या आईनं इतकं प्लॅन केलंय.”

हळदीच्या दिवशी जया निळी पाचवारी साडी नेसून आली. नऊवारी नेसवायला आलेल्या मुलीला तिनं शांतपणे परत पाठवलं. पोपटरावांना दोघा तरुणांनी धोतर नेसवलं, डोक्याला मुंडासं गुंडाळलं. घोंगडी खांद्यावर पडली तेव्हा ती नवीकोरी होती, तिला दुकानाचा वास होता. तरी आरशात पाहायचं त्यांनी टाळलं.

लॉनवर यज्ञेश्वरराव फेटा बांधून, बाजेवर लोडाला टेकून पाटील म्हणून बसले होते. त्यांच्या बाजूचे पुरुष जरीच्या उपरण्यांत, बायका ठुशी-नथीत. त्यांचा गाव म्हणजे सगळा पाटलांचाच गाव होता. सूत्रसंचालन करणारा पोरगा उत्साही होता. एकेकाला बोलावून तो काहीतरी गावरान म्हणायला लावत होता. कुणी उखाणा घेतला, कुणी “राम राम पाव्हणं” म्हटलं. मग त्यानं पोपटरावांचा हात धरून त्यांना बाजेसमोर उभं केलं.

“आता मुलीचे वडील! पाटलांना आपल्या जुन्या पद्धतीनं नमस्कार करणार. म्हणा काका, जोहार मायबाप!”

माईक तोंडासमोर आला. पोपटरावांनी नकारार्थी मान हलवली. पोरानं पुन्हा सांगितलं. लोक टाळ्यांनी ठेका देऊ लागले.

“लाजताहेत,” यज्ञेश्वरराव हसून म्हणाले. “अहो, आता आपण घरचेच. घरच्यांत कसली लाज?”

तेवढ्यात हळदीनं माखलेली दीक्षा हसत पुढं आली. बापाची फजिती होतेय, तर सांभाळून घ्यावं, इतकंच तिच्या मनात. तिनं त्यांच्या हातातली काठी घेतली, घुंगरं वाजवली, कमरेत वाकली आणि सासऱ्यासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणाली, “जोहार, मायबाप!”

सगळं लॉन हसलं. शिट्ट्या वाजल्या. फोन उंच झाले होते.

पोपटरावांनी खांद्यावरची घोंगडी काढली, नीट घडी केली आणि बाजेच्या कडेला ठेवली. ते कपडे बदलायच्या खोलीकडं गेले. जया आधीच बाहेर गाडीत जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी लग्नात ते सूट घालून उभे होते. पाहुण्यांचं हवं-नको पाहिलं, फोटो काढले. निरोपाच्या वेळी दीक्षा म्हणाली, “काल तसे निघून का गेलात? सगळे विचारत होते. मला किती ऑकवर्ड झालं.” ते म्हणाले, “पित्त झालं होतं.”

व्हिडिओ आठवडाभरात खडकीत पोचला. रविवारी वंदना झाल्यावर समितीतला दीनानाथ त्यांच्याजवळ आला. हा त्यांचा कारखान्यातला सोबती. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “पोपटराव, हे काय अंगावर घेतलंत? आणि पोरीच्या तोंडी हे?”

लोकांनी त्यांना वाळीत टाकलं नाही, कुणी वावगं बोललंही नाही. पण त्यांच्याशी बोलताना जो तो नजर दुसरीकडं वळवू लागला. पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

पावसाळा उलटल्यावर जयाला राहवलं नाही. तिनं दीक्षाला बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. दीक्षा बाहेरच्या खोलीत आली तेव्हा पोपटराव बनियनवर बसून पेपर वाचत होते. तिनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. दुपार टळून गेली तरी अंगात शर्ट नव्हता.

“पप्पा, मला खरंच माहीत नव्हतं.”

“ठाऊक आहे मला.”

“का नाही सांगितलं कधी?”

“सांगितलं असतं तर तुला ते आयुष्यभर लागलं असतं.” पेपर मिटत ते म्हणाले, “तसंही लागलंच.”

ती रडली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं आपल्या फोनमधला व्हिडिओ पुसला, सलिललाही पुसायला लावला. नीरजाताईंनी संध्याकाळी निरोप पाठवला की कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र. हेतू नव्हता हे खरंच होतं. पण व्हिडिओ आता कितीजणांकडे होता, कोण जाणे.

जया रविवारी एकटी विहारात जाते. पोपटरावांना विचारणं तिनं सोडून दिलंय.