जालन्यातलं बायांचं पुस्तकाचं दुकान

नातीनं शाळेची नवी पुस्तकं उघडली, कोऱ्या कागदाचा वास आला, अन् मला तिची आजी आठवली.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावरची गोष्ट. आम्ही दोघं भोकरदनहून जालन्याला बियाणं आणायला गेल्तो. बाजाराच्या गल्लीत बायांनीच चालवलेलं, बायांच्या पुस्तकांचं दुकान दिसलं. ही सरळ आत. सतरंजीवर बसली, डोक्यावर पदर घेतला, पुस्तक कपाळाला लावलं अन् पोथीसारखं मोठ्यानं वाचाय लागली. नवरा सोडून एकटी शेती करणाऱ्या बाईची गोष्ट होती. दुकानातल्या बाया आधी हसल्या, मंग कामं टाकून ऐकत बसल्या.

मी दारातून म्हणलो, "ऊठ जल्दी, गाडी जाईल."

"जाऊ द्या. अध्याय अर्धा टाकून उठत न्हाईत."

दुकानवाली म्हणली, "दादा, तुम्ही बी बसा. ऐकल्यानं काही बिघडत न्हाई."

गाडी गेलीच. मंग आम्ही मोती तलावापर्यंत पायी हिंडलो, काठावर बसून भजे खाल्ले. तिथं तिनं त्या बाईचं पुढं काय झालं ते सगळं सांगितलं. माझं ध्यान भज्यात.

आता ही न्हाई, तर ते लई ऐकावंसं वाटतं. पुस्तकात असंलच. पण मला ते हिच्या तोंडून ऐकायचंय.