अस्तराच्या कापडाचं विमान

खोक्यातून कापडाचा गठ्ठा निघाला, तो मी बोटांत चुरगाळून पाहिला आणि माझं धाबंच दणाणलं. ब्लाउज शिवण्यात माझा जन्म गेलाय, कापड मी डोळे मिटून ओळखते. पांढरं, पातळ, जरा करकरीत पॉलिस्टर. आमच्या सांगवीच्या बायका ब्लाउजपिसाबरोबर जे अस्तर आणून देतात, त्याचाच थोरला भाऊ म्हणा.

"हे तर अस्तर हाय," मी म्हटलं. "ह्याच्यावर माणूस बसणार?"

"बसणार न्हाय. ह्याच्याखाली लटकणार," नवरा म्हणाला, आणि वर हसलाही.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा इथून पुढं 'हे' म्हणजे तेच. ह्यांचं ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप आहे, आमच्या घराला लागूनच. माळेगाव म्हणा, सोमेश्वरनगर म्हणा, जिकडं कारखाना तिकडं ह्यांच्या ट्रॉल्या ऊस वाहतात. पण जीव अडकलेला विमानात. बारामतीची शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या उसावर घिरट्या घालतात, आणि ह्या माणसानं त्यांतलं एकही न बघता जाऊ दिलेलं नाही, जेवणाच्या ताटावरूनसुद्धा उठून जातात. चाळिशी उलटल्यावर स्वतः उडवायला शिकले. मग म्हणाले, आता बांधतो. सुटे भाग खोक्यात येतात, आपण जोडायचे. परवानग्या आणि त्यांचे कागद ह्यांबद्दल मी लिहीत नाही, तो वेगळा ग्रंथ होईल.

आमच्याकडं म्हातारी माणसं विमानाला 'इमान' म्हणतात. त्यामुळं रस्त्यात कुणीही आबा, तात्या भेटले की विचारायचे, "काय गं, मालकांचं इमान कुठवर आलं?"

मी सांगायची, "हाय अजून जाग्यावर."

तोंडानं हसण्यावारी न्यायची. पण पत्र्याच्या शेडमध्ये पाइपांचा सांगाडा दिवसेंदिवस विमानासारखा दिसायला लागला होता, आणि ह्यात बसून आपला माणूस वर जाणार, हे मला रोज चहा देताना नव्यानं कळायचं. म्हणून कापड निघालं त्या दिवशी मी ठणकावून सांगितलं, "कापड मी लावणार. दुसऱ्या कुणाच्या हातच्या कामाला माझा माणूस मी लटकू देणार न्हाय."

"तुलाच सांगणार होतो," हे म्हणाले. साफ खोटं. पुण्याहून कुणाला तरी बोलवायचं ठरवून ठेवलं होतं, ते मला मागाहून कळलं.

आम्हां दोघांचीही मोठी अडचण म्हणजे आमचे हात. ट्रॉली बांधणाऱ्याला पातळ काही दिसलं की चैन पडत नाही, कारण लोक ट्रॉलीवर तिला झेपेल त्याच्या दुप्पट ऊस लादणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ह्यांचे पाय लांब, म्हणून विमानातलं पायाखालचं पेडल पुढं सरकवायचं होतं. त्यासाठी ह्यांनी घरी एक पट्टी केली, ती अशी की तिला ट्रॅक्टर टांगावा. ह्यांना विमान शिकवणारे सर, आता रिटायर झालेले, अधूनमधून काम तपासायला यायचे. त्यांनी ती पट्टी हातात तोलली आणि विचारलं, "हे उडवायचंय का उसात घालायचंय?" हे दिवसभर रुसून बसले. मग तीच पट्टी पातळ ॲल्युमिनियमची केली आणि तिलाही भोकं पाडून आणखी हलकी केली.

माझी खोड म्हणजे माया. शिवणीच्या आत कडेला जादा कापड ठेवतात, पुढं बाईचं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो, आणि मी ती सढळ हातानं ठेवणारी. शेपटीच्या सुकाणूला कापड चिकटवताना मी सवयीनं चार बोटं माया ठेवली.

"एवढी कशाला? वजन वाढतं," हे म्हणाले. "विमानाचं अंग भरत न्हाय."

मी मुकाट्यानं कात्री घेतली आणि माया कापून टाकली. फार जिवावर आलं.

खरा घोळ पुढं झाला. असलं कापड चिकटवल्यावर गरम इस्त्रीनं आवळून घ्यायचं असतं. ऊब लागली की ते आखडतं आणि आखडलेलंच राहतं. आता शिवणाऱ्या बाईची रीत अशी, की एक बाजू पुरी करायची आणि मग उलटायचं. मी सुकाणूची एक बाजू मनासारखी कडक आवळली, उलटायला गेले, तर अख्खं सुकाणू पापडासारखं वाकलेलं. कापडानं चौकटच ओढून घेतली होती. दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आलटूनपालटून आवळा असं खोक्याबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं, ते ह्यांनी मला समजावूनही सांगितलेलं होतं. पण हातानं ऐकलं नाही.

मी बघतच राहिले. जे कापड मी दातानं फाडायला कमी केलं नसतं, त्यानं धातू वाकवला होता. त्या दिवसापासून मला त्या कापडाचा धाक बसला, आणि माझ्या स्वतःच्या हातांचाही.

"पुण्याचा माणूस बोलवा," मी म्हटलं. "सुकाणू वाकलं ते दिसलं तरी. पंखात काय चुकलं आन दिसलंच न्हाय तर?"

ह्यांनी कापड सोलून काढलं, चौकट सरळ केली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. "लाव परत," एवढंच म्हणाले.

पंखावर कापड चढवलं तेव्हा ते ढिलं, सुरकुतलेलं, वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत होतं. थर्मामीटर लावून इस्त्री तपासून घेतली, कारण इस्त्रीच्या बटणावरचे आकडे थापा मारतात. मग जरा वरून, जरा खालून, परत वरून. सुरकुत्या इस्त्रीच्या पुढं पुढं पळायला लागल्या आणि कडेला जाऊन नाहीशा झाल्या. शेवटचा हात फिरवून झाला आणि मी बोटानं टिचकी मारली.

धुम्म!

जाळावर शेकलेली हलगी वाजते ना, तसा आवाज त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मी हात झटकन मागं घेतला. सकाळी ही चिंधी होती. मीच अंथरली होती, मीच आवळली होती, आणि तरी समोर जे उभं होतं ते मी केलंय असं मला काही केल्या वाटेना. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती, ती किती वेळ हातातच होती.

त्यानंतर कापड आतल्या फासळ्यांना शिवायचं असतं. पंख उभा करायचा, हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. ह्या अंगाला मी, त्या अंगाला हे. मी सुई घुसवायची, त्यांनी पलीकडून ओढून परत माझ्याकडं पाठवायची, मग मी गाठ मारायची. मध्ये पंख असल्यानं एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, कापडावर नुसती सावली. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही समोरासमोर बसून कधी इतकं बोललो नव्हतो.

"भीती वाटती का?" एकदा मी विचारलं.

"कशाची?"

मी सुई घुसवली. सुई पलीकडं गेली ती बराच वेळ आलीच नाही.

"वाटती," मग सावली म्हणाली. "पण न उडता म्हातारं व्हायची जास्त वाटती."

मला असा संताप आला! "आन मी? मी खाली उभी राहून नुसतं बघायचं? माझ्या हातात काय हाय?"

"सुई हाय की," हे म्हणाले, आणि सुई माझ्याकडं आली.

त्या गाठीला मी दोरा इतका ओढला की बोट कापलं.

उडायचं ठिकाण इंदापूरच्या बाजूला होतं, एका ओळखीच्यांच्या माळावर केलेली धावपट्टी. पंख सुटे करून ट्रॉलीतून नेले. जोडायला उचलले तेव्हा एका पंखाचं टोक माझ्या हातात होतं. तेवढ्यात उजनीच्या पाण्यावरून वारा आला, काही सोसाट्याचा नाही, पदर हलेल इतकाच. आणि पंख हलका झाला. नुसता हलका नाही, वर निघाला. माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"पुढची कड खाली दाबा!" सर ओरडले. दाबली तसा तो गरीब गाईसारखा खाली आला.

पंखाचं टोक मी अजून धरूनच होते. इंजिन लावलेलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. वारा आणि कापड, बस. आजवर मी हे सगळं ह्यांचं वेड म्हणून चालवून घेत होते. त्या क्षणी मात्र मी देवापुढं उभी राहते तशी उभी होते, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सरांनी सगळं तपासलं, एक एक बोल्ट हलवून बघितला आणि बाजूला झाले. हे बसले. नाकावरचा पंखा फिरायला लागला, धुरळा उडाला, विमान पट्टीवर धडधडत गेलं, आणि मग ते धडधडणं थांबलं. चाकांच्या खाली उजेड दिसला.

मी ओरडणार, रडणार, डोळे मिटून घेणार असं मला वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. ते वळून आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा कापडातून ऊन आरपार आलं, आणि प्रत्येक फासळी, प्रत्येक टाक्यांची ओळ मला खालून दिसली. अस्तराचं काम कधी कुणाला दिसत नाही. माझं आभाळात लावलं होतं. मी तोंड उघडं ठेवून बघत होते, आणि त्याच वेळी एकेक गाठ आठवत होते. तिसऱ्या फासळीची गाठ नीट बसली होती का? डाव्या कडेला इस्त्री जरा जास्त तर नाही झाली? सुकाणू कसं वाकलं होतं ते डोळ्यांपुढून हलेना.

विमान उतरलं, पंखा थांबला. सर ह्यांच्याकडं धावले, मी पंखाकडं. कापडावरून, कडांवरून, टाक्यांवरून हात फिरवत सुटले.

"कापड फडफडलं का?" मी तिथूनच ओरडले. "कुठं सैल पडलं का? आवाज आला का?"

हे पट्टे सोडत होते. तोंडावर असं हसू की मी लग्नातसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

"कुणास ठाऊक," म्हणाले. "पंखाकडं बघितलंच न्हाय."

"काय?"

"पाणी बघितलं. ऊस बघितला, केवढा हिरवा हाय गं वरून! तुमी लोक मुंगीएवढी दिसत होता. पंख कशाला बघायचा? तू लावलाय की."

मी सगळ्यांच्या देखत त्यांच्या दंडावर एक फटका मारला, आणि मग तिथंच पंखाच्या सावलीत खाली बसले आणि ढसाढसा रडले.