बशीचा पहिला आवाज

दुपारी जेवून वडील आडवे झाले की त्यांना उठवायची आईची एकच रीत होती. चहाचा कप बशीवर जरा जोरात ठेवायचा. पहिल्या आवाजाला त्यांची भुवई उडायची, पण माणूस हलायचा नाही. दुसरा आवाज ऐकूच आला नाही असं दाखवायचे. तिसऱ्याला उठून बसायचे आणि वर विचारायचे, "च्या झाला का?" अख्ख्या घनसावंगीत असा सोंगाड्या मी पाहिला नाही.

त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा जालन्याला आणलं. नळ्या लावल्या, गुंगीच्या औषधात ठेवलं. भेटीच्या वेळी आईने पिशवीतून घरची कपबशी काढली. मी वैतागले, पण नर्सबाईंनी चालू दिलं. आईने त्यांच्या कानाशी कप वाजवला आणि भुवई उडाली. मी स्वतः पाहिली. तिने पुन्हा वाजवला, आणखी एकदा वाजवला, पण काही नाही.

"सोंग करून राह्यलेत बघ," आई म्हणाली आणि चक्क हसली.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी बसवून समजावलं. गुंगी गाढ असली की मेंदूतल्या पेशी पहिल्या आवाजाला कशाबशा जाग्या होतात, तोच आवाज लागोपाठ आला की गप्प बसतात. गुंगी हलकी केल्यावर पुढच्या आवाजांनाही प्रतिसाद येतो का, ते बघू म्हणाले.

मग आम्ही सगळं त्या औषधावर ढकललं. गावाकडून जीप भरभरून माणसं यायची, तेच तेच विचारायची. माझं डोकं उठायचं, पण मी ठसक्यात सांगायची, "औषधाचा अंमल आहे, बाकी बराबर आहे."

डॉक्टरांनी औषध कमी करत आणलं, मग बंद केलं. अंमल पुरता उतरू दिला. त्यानंतर आईने पदर सारखा केला आणि कप वाजवला. या वेळी पहिल्या आवाजालाही भुवई हलली नाही. ती वाजवतच राहिली. शेवटी मीच तिचा हात धरला.

डॉक्टर काही सांगू लागले, तर आईने त्यांना थांबवलं.

"साहेब, ते औषध परत चालू करा ना. थोडंच करा. ते चालू होतं तवर बरं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, मी आईला समजावीन असं त्यांना वाटलं असेल. पण मलाही तेच मागायचं होतं.