मेढ उभी होती तवर

"इच्चू! इच्चू!" सासूबाई वरडल्या. मी पळत आले तर लेकराचा हात सुकल्या डहाळ्यांतच. नणंदेच्या लग्नाचा मांडव उतरून राह्यले होते, अन् त्या पाल्यातून इच्चू निघाला, लेकराला नांगी मारली. बघता बघता हातपाय गार, अंग घामानं चिंब, तोंडातून लाळ.

आमचे मालक मोटरसायकल घेऊन कुंभार पिंपळगावला गेल्ते. दुसरी गाडी चुलत सासऱ्याची, बांधापल्याड.

त्यांचं अन् आमचं वाटंवरून भांडण, पार पोलिसापस्तोर. पर मांडव उभा हाय तवर भाऊबंदांनी भांडायचं न्हाई, ही आमच्यातली रीत. तेवढ्यापुरत्या त्यांनी वाटंवरच्या काट्या काढल्या, पंगतीत वाढाया बी आले. शाळंत मास्तर सांगायचे, युरोपात डच लोकं अन् स्पेनच्या राजानं काही वर्सं लढाई थांबवली, पर दारूगोळा भरणं दोघांचं चालूच. तवा मला हसू आल्तं.

आता सगळे खांब निघाले होते. निस्ती मुहूर्तमेढ राह्यली होती, पहिली रोवतेत अन् शेवटी काढतेत ती. ती उभी तवर मांडव उभाच धरतेत. सासऱ्याच्या हातात पहार.

मी लेकरू घेऊन बांधापल्याड पळाले. "मामा, जल्दी गाडी काढा!"

चुलत सासरे म्हणले, "मेढ उभी हाय का?"

"हाय!"

"मंग आण. निघाली तर मी न्हाई बाई, अर्ध्या वाटंतून बी माघारी फिरीन. वाटंत पोराला कमीजास्त झालं तर तुझा सासरा माझ्यावरच केस टाकीन."

मागून सासरे गरजले, "त्याचे उपकार नको! मी फोन लावलाय, गावातून गाडी येईन!" अन् पहार मेढीच्या बुडाशी घातली.

मी लेकरू गाडीत बसलेल्या चुलत सासूच्या वट्यात टाकलं अन् माघारी पळून मेढीला मिठी मारली.

"सोड गं! लाज न्हाई का?"

"गाडी माघारी येऊ द्या, मंग माझ्यासकट उपटा!"

गाडी तीर्थपुरीच्या दवाखान्याकडं गेली. लेकरू "आई, आई" करत गेलं अन् मी खांबाला धरून उभी. पदर कुठं, चप्पल कुठं, कायबी कळंना. जिवंत येतंय का, बस, एवढंच.

आलं. इंजेक्शनं दिली, वाचलं. चुलत सासूनं त्याला माझ्या हातात दिलं, अन् मागं सासऱ्यानं मेढ उपटली. वाटंवर परत काट्या.

सासूबाई अजून टोमणा मारतेत, "लेकरू मरणाच्या दारात, वैऱ्याच्या मांडीवर, अन् आई लाकडाला बिलगून!"

गाडीत बसले असते तर मेढ गेली असती. तुमी काय केलं असतं?