पेटीचा रंधा

आमच्या घरात तीन रंधे होते. दोन लाकडी, घासून घासून बूड झिजलेले, आणि एक लोखंडी, विलायती, अजून नव्यासारखा. पहिल्या दोघांनी आमच्या पापडी गावातल्या अर्ध्या घरांचे पलंग, पाळणे, दारं, खिडक्या केल्या. तिसऱ्याने फक्त पेट्या केल्या. पेटी म्हणजे माणसाला मातीत ठेवतात ती. माझे पपा सुतार, त्यामुळे गावात कोणी गेलं की पहिला निरोप चर्चमध्ये जायचा आणि दुसरा आमच्याकडे.

पेट्यांसाठी वेगळा रंधा, हा नियम गावाचा नव्हे, पपांचा. चर्चची बाकं दुरुस्त केली म्हणून एका म्हाताऱ्या फादरांनी बदली होऊन जाताना तो त्यांना दिला होता. पपा तेव्हा तरणे होते. एखाद्या चांगल्या कामाला काढू म्हणून त्यांनी तो कागदात गुंडाळून ठेवला, आणि चांगलं काम येण्याआधी माझे आजोबा गेले. त्यांची पेटी त्या रंध्याने झाली. पुढच्याच आठवड्यात एका पाळण्याचं काम आलं. "हातात घेतला आणि परत ठेवला," पपा सांगायचे. "बाळाच्या लाकडाला तो कसा लावू?" झालं. तेव्हापासून तो पेटीचा रंधा. मी आणि माझा भाऊ लहानपणी त्या फडताळासमोरून जाताना पाय उचलून चालायचो.

एक आधीच सांगते. पपा घरात आमच्या बोलीत बोलतात, मी इथे सगळं शाळेच्या मराठीत लिहितेय, नाहीतर नायगावच्या पलीकडे कोणाला काही कळायचं नाही. शाळेत तीस वर्षं शिकवलंय, तेवढी भाषांतराची सवय आहे. बोलायलाही मी फटकळ आहे, हे गावात कोणीही सांगेल.

लग्न केलं नाही, भाऊ परदेशात, म्हणून घरात मी आणि पपा. आई जाऊन बारा वर्षं झाली. त्याच्या थोडं आधी वाडीतला जुना फणस वादळात पडला होता. पपांनी त्याच्या फळ्या चिरून आणून माळ्यावर रचल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या आईच्या पेटीला लागल्या. उरलेल्या त्यांनी स्वतःच्या मापाने कापल्या, पुन्हा माळ्यावर टाकल्या, हत्यारांच्या पडवीला कुलूप लावलं आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. त्यानंतर कोणी विचारलं, काय चाललंय, तर एकच उत्तर. "काय चालायचं. एक पेटी राहिलीय."

बारा वर्षं हे ऐकून माझं डोकं फिरायचं. माणूस ठणठणीत. चौऱ्याऐंशीचे आहेत, पण बोंबील काट्यासकट खातात, डॉक्टरलाच उलट प्रश्न विचारतात. आणि बसायचं कसं, तर स्टँडवर एसटीची वाट बघत बसल्यासारखं. मी चिडायची, भांडायची. खरं सांगायचं तर राग कमी होता, भीतीच जास्त होती. त्यांच्या डोक्यातून ती पेटी निघावी, एवढंच मला हवं होतं.

मागच्या वर्षी पडवीत वाळवी दिसली म्हणून मी कुलूप काढलं. सगळी हत्यारं ओट्यावर मांडली, फोटो काढला आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कोणाला जुनी हत्यारं हवी असल्यास घेऊन जावीत, फुकट. गावातून कोणी हूं की चूं केलं नाही. तो फोटो फिरत फिरत नायगावच्या नव्या टॉवरमधल्या एका ऑफिसवाल्याकडे पोचला आणि तो रविवारी सकाळी दारात हजर झाला.

चांगला मुलगा होता. चपला बाहेर काढल्या, पपांना वाकून नमस्कार केला. पस्तिशीचा असेल. घरात एक अख्खी भिंत जुन्या हत्यारांनी भरलीय म्हणाला. मोबाइलवर दाखवली. करवती, हातोड्या, गिरमिटं, सगळी ओळीत टांगलेली, खाली छोट्या छोट्या पाट्या. झिजलेल्या दोन रंध्यांकडे त्याने नुसतं पाहिलं आणि तिसरा हातात घेतला. मग त्याचा आवाजच बदलला.

"आंटी, हे मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं. लोक शोधत फिरतात. आणि एवढा क्लीन पीस? ब्लेड ऑलमोस्ट पूर्ण आहे. वापरलाच नाही का कोणी?"

"क्वचित," मी म्हटलं.

"कोणी गेलं की," पपा खुर्चीतून म्हणाले. पण त्याचं लक्ष पात्यात होतं, त्याला ऐकू गेलं नाही, आणि मी काही खुलासा करायला गेले नाही. त्याने आकडा सांगितला. मी तो परत एकदा विचारून घेतला. आठवड्याभरात कळवते म्हणाले आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आले. मला पैशांपेक्षा दुसराच आनंद झाला होता. ते अवलक्षणी लोखंड घरातून जाणार, तेही मानाने.

पपांना म्हटलं, "देऊन टाकू ना?"

"दे की," पपा म्हणाले. "पण आधी माझी पेटी होऊ दे. मग ने कुठे न्यायचा तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ते शांतपणे ऐकून घेत होते. मी दमल्यावर म्हणाले, "फळ्या मापाच्या आहेत. नुसत्या रंधायच्या आणि जोडायच्या. माझ्याने जोर लागत नाही आता. तू मार रंधा, मी सांगतो."

हे मला नवीन होतं. लहानपणी मी पडवीच्या दारात उभी राहून राहून कंटाळायची. हत्यार हातात मिळायचं ते भावाला, आणि त्याला ते नको असायचं. मला झाडू मिळायचा. पंचावन्न वर्षांनी मला रंधा मिळत होता आणि तोही कशासाठी, तर बापाच्या पेटीसाठी. रात्रभर धुसफुसले. सकाळी हिशेब केला: चार फळ्या, फार तर आठ दिवस. मग पेटीही झाली आणि रंधाही गेला, पपांचा हट्टही संपला. एकदाचं करून टाकू.

माळ्यावरून फळ्या उतरवल्या. ओट्यावर दोन लाकडी घोड्या लावल्या आणि त्यांवर फळ्या आडव्या टाकल्या. पातं मात्र पपांनी मला लावू दिलं नाही. दगडावर तेल टाकून स्वतः अर्धा तास घासत बसले, मग मनगटावरचे केस भादरून धार बघितली. त्यांचा हात अजून पक्का होता. बारा वर्षं तो हात मांडीवर ठेवून बसले होते.

मी पहिला हात मारला आणि रंधा लाकडात रुतून बसला.

"हाताने नाही, कमरेने मार," पपा म्हणाले. "आणि कान उघडे ठेव. सुरर आवाज आला तर ठीक. खरखर आली की थांब, तू उलटी चाललीयस."

दोन दिवस नुसती खरखर. शाळेत मी ज्या पोरांना ठोंब्या म्हटलं असेल त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. तिसऱ्या दिवशी केव्हातरी तो आवाज आला. एक लांब सालपट, पातळ, गोल गुंडाळत पात्यातून वर आलं, आणि खाली धुरकट लाकडाच्या जागी हळदीसारखा पिवळा पट्टा उघडा पडला. फणसाचा तो मंद वास सुटला. पपा खुर्चीतून उठून आले, त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं." त्यांचं हं मला माझ्या निवृत्तीच्या शालीपेक्षा मोठं वाटलं.

आठ दिवसांचा महिना झाला, कारण पपा रोज काहीतरी खोड काढायचे. इथे उंचवटा, तिथे खड्डा. माझ्याआधी उठून फळ्यांशी येऊन उभे. चहा तिथेच, नाश्ता तिथेच. मग शेजारची आंटी यायला लागली. ती भाजी विकून परतताना आमच्या ओट्यावर टेकते आणि सगळ्या गावाची बातमी देते. एके दिवशी तिने कप फळीवर ठेवला आणि विचारलं, "काय बनवतोस रे?"

"माझी पेटी," पपा म्हणाले.

आंटीने चटका बसल्यासारखा कप उचलला आणि क्रूसाची खूण केली. दोन मिनिटं कप हातात धरून बसली. मग हात भाजायला लागला, आजूबाजूला बघितलं, ठेवायला दुसरी जागा नव्हती. "जाऊ दे," म्हणाली आणि परत फळीवर ठेवला. कपाचा गोल डाग उठला. पपांनी तिला भरपूर सुनावलं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यांवर सुती कापड घातलं. त्यानंतर आंटी आपली बहीण घेऊन यायला लागली, बहिणीमागून तिचा नवरा. संध्याकाळी पाच-सहा माणसं फळ्यांभोवती बसायची, कोणी केळी आणायचं, कोणी उकडलेली कणगं, म्हणजे आमच्याकडचे कंद, आणि मी सकाळी कापडातूनही उमटलेले सगळ्यांचे डाग रंधून काढायची. पपा बोलत असायचे. आईच्या वेळचं, चर्चच्या बाकांचं, कोणाचा पलंग लग्नाच्या रात्री मोडला त्याचं. आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत त्यांनी पेटीचं नाव काढलं नव्हतं.

पण मी काढलं. मला अजून ते लोखंड घराबाहेर हवंच होतं. फळ्या आरशासारख्या झाल्या तेव्हा म्हटलं, "आता जोडू या." ते म्हणाले, आधी माप घे. मी त्यांना दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्याशी पेन्सिलीची खूण केली आणि टेप लावली. परत लावली. माप फळीशी जुळेना. बारा वर्षांत पपा उंचीने चार बोटं कमी झाले होते.

त्यांनी खूण पाहिली, फळी पाहिली. मी करवत घेऊन विचारलं, "कापू का?"

"थांब," ते म्हणाले. मग फळीवरून हात फिरवला. "एवढ्या सरळ फळ्या. चार बोटांसाठी कापायच्या आणि वर माती टाकायची." आणि आत जाऊन झोपले.

सकाळी मला उठवलं. "पडवीच्या कोपऱ्यात सागाचे चार तुकडे आहेत. पाय होतील."

"कशाचे पाय?"

"टेबलाचे. सहा माणसं आरामात बसतात, रोज बघतो ना मी."

"आणि तुमची पेटी?"

"तयार मिळते की चर्चच्या रस्त्याला," पपा म्हणाले. "एकदाच तर वापरायची."

मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. सुखाने रडले, ते इथे स्पष्ट लिहायला मला लाज वाटत नाही. नंतर डोळे पुसून बाहेर येऊन विचारलं, "पण तो रंधा पेटीचा होता ना? त्याने रंधलेल्या फळीवर जेवायचं?"

पपांनी खांदे उडवले. "रंध्याला काय माहीत. माहीत होतं ते मला."

टेबल झालं. एक पाय किंचित आखूड आहे, तो मी केलेला. त्याच्याखाली पुठ्ठा आहे आणि पपा तो आल्यागेल्याला दाखवतात.

नायगाववाल्याला मी आठवड्याचं सांगून दोन महिने झुलवलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा वाटलं, आता त्याच्याशी खरं बोलावं. त्या रंध्याने काय केलं होतं ते सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून नको म्हणेल. तर तो केवढा खूश झाला.

"आंटी, अशी स्टोरी असली की पीसची व्हॅल्यू वाढते. तुम्ही मला हे लिहून द्याल? मी खाली तशी पाटी लावतो." आणि आकडा आपणहून वाढवला.

मला त्याची ती भिंत आठवली. त्यावर माझे आजोबा आणि माझी आई, एका पाटीवर. एरवी त्याला चांगलं झाडलं असतं, पण मुलगा वाईट नव्हता आणि त्याच्यामुळेच हे सगळं घडलं होतं. मी म्हटलं, "नको रे बाबा. तो आता टेबलाचा रंधा झालाय. कामात आहे."

"म्हणजे विकायचा नाहीच?"

मी पपांकडे पाहिलं. ते टेबलाशी बसून मटार सोलत होते आणि कान अर्थातच इकडे होते. "काय सांगू त्याला?" मी विचारलं. "विकायचा का?"

"तुझ्या हातातलं हत्यार आहे, तू ठरव," पपा म्हणाले. "पण टेबलाला बाक नको? किती दिवस प्लास्टिकच्या खुर्च्या लावायच्या? आधी बाक होऊ दे."

"बाक होऊ दे म्हणतात," मी फोनवर सांगितलं.

"ओके आंटी, नो प्रॉब्लेम. किती दिवस लागतील?"

"पपा, किती दिवस लागतील विचारतोय."

पपांनी मटार सोलता सोलता हिशेब केला. "लाकूड कुठंय अजून? आधी चांगलं झाड बघायला पाहिजे. मग चिरायचं, मग वाळवायचं. त्याला सांग, घाई करून चालत नाही. वाळायलाच दोन वर्षं धर."

मी फोन कानाला लावूनच पपांसमोर टेबलाशी बसले. तो पलीकडून हॅलो हॅलो करत होता.

"दोन वर्षांनी फोन कर," मी म्हटलं.